बंदी घातलेली पुस्तकं लोक बंदीमुळे वाचतात की बंदी असूनही?

रानवाट
गेले काही महिने ठरवून एकच उद्योग चाललाय. ज्या पुस्तकांवर कधी ना कधी बंदी आली, खटला झाला किंवा जी ग्रंथालयातून हटवली गेली, ती मिळतील तशी वाचतेय. यातली बरीच पुस्तकं मुळीच खळबळजनक नाहीत. कोपर्निकसचा ग्रंथ घ्या. १५४३ साली छापला गेला, पानोपानी भूमिती आणि ग्रहांची कोष्टकं. चर्चनं तो १६१६ साली, म्हणजे छापून ७३ वर्षं झाल्यावर, 'दुरुस्त्या होईपर्यंत' रोखून धरला. निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून त्याचं नाव गळलं ते थेट १८३५च्या आवृत्तीत. कोष्टकं वाचून कुणाच्या मनात काय पाप येणार होतं?

'नाही म्हटलं की माणसाला तेच हवंसं वाटतं' हे उत्तर मला पुरत नाही. कुतूहल फार तर विसाव्या पानापर्यंत नेतं. पुढची तीनशे पानं माणूस कशाच्या जोरावर वाचतो? आणि पुढची पिढी तेच पुस्तक पुन्हा का शोधते? मला वाटतं, बंदी येते तिथे बहुतेक वेळा असा एखादा प्रश्न असतो, जो वाचणाऱ्याच्याही मनात आधीपासून असतो आणि विचारायची सोय मात्र कुठेच नसते.

तुमचे अनुभव, सहमती, असहमती सगळं येऊ द्या. फक्त पक्षांची धुणी इथे नकोत.

टिवल्याबावल्या
धागा वाचनखुणेत टाकला. पहिली रांग अडवून बसलोय. यादी कधी येतेय?

जुना वाचक
साफ असहमत. कुतूहलच असतं हो, उगाच त्याला प्रश्नाबिश्नाचा मुलामा नको. १९६०चा लंडनचा 'लेडी चॅटर्लीज लव्हर'चा खटला आठवा. लॉरेन्सनं कादंबरी १९२८ साली खाजगीरीत्या छापून घेतली होती, पूर्ण आवृत्ती इंग्लंडात उघड विकता येत नव्हती. सरकारी वकिलानं ज्यूरीला विचारलं, आपल्या बायकोनं किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का? ज्यूरीनं प्रकाशकाला निर्दोष सोडलं आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती खपल्या. त्या दोन लाखांना कुठला प्रश्न छळत होता? त्यांना ती ठरावीक पानं हवी होती.

आणि त्यात वाईट काय? लोक कोणत्या का दाराने येईनात, पुस्तकापर्यंत येतात ना.

रानवाट
@जुना वाचक, दाराबद्दल तक्रार नाहीच. पण ती ठरावीक पानं तरी का हवी होती? लग्न झालेल्या बाईला शरीर असतं आणि इच्छा असते, हे सरळ शब्दांत लिहिलेलं त्यांना दुसरीकडे वाचायला मिळत नव्हतं. हाही प्रश्नच की. तुम्ही त्याला कुतूहल म्हणता, मी भूक म्हणते.

कलम पंच्याण्णव
खरडवहीतून निरोप आला म्हणून लिहितो. वकिली करतो, त्यामुळे थोडं कायद्याचं.

'बंदी' या एका नावाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, सरकार पुस्तक जप्त झाल्याचं जाहीर करतं. आपल्याकडे त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, आता नव्या संहितेत ते कलम ९८ आहे. अशा आदेशात कारणं द्यावीच लागतात. नुसतं 'भावना दुखावतात' एवढं पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच सांगितलंय. आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दोन महिन्यांत जाता येतं आणि किमान तीन न्यायाधीशांचं पीठ ते ऐकतं. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरची २००४ची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं २००७ साली रद्द केली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पुस्तक पटणं न पटणं हा वेगळा मुद्दा, मी फक्त प्रक्रिया सांगतोय.

दुसरी, सीमाशुल्काची बंदी. पुस्तक देशात आणता येत नाही. 'द सॅटॅनिक व्हर्सेस'बाबत १९८८ साली हेच झालं. आणि गंमत बघा, २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय आला तेव्हा सरकारी खात्यांना ती मूळ अधिसूचना सापडेना. ती अस्तित्वात नाही असंच गृहीत धरावं लागेल, असं न्यायालयानं म्हटलं. ३६ वर्षं ज्या कागदाला सगळे मानत होते तो कागद दाखवायलाच कुणाकडे नाही!

तिसरी, अश्लीलतेचा खटला. @जुना वाचक यांनी लंडनची कथा सांगितली, तिचा आपल्याकडचा उत्तरार्ध ऐका. त्याच कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला दोषी ठरवलं गेलं आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. लावलेली कसोटी होती १८६८ सालच्या इंग्लंडातल्या एका खटल्यातली. ती कसोटी आपल्या न्यायालयानं २०१४ साली बाजूला ठेवली.

चौथी सगळ्यात घातक, कारण तिला कागदच नसतो. तिच्याबद्दल कुणीतरी लिहा, मला आत्ता तारखेला पळायचंय.

टिवल्याबावल्या
३६ वर्षं हरवलेला कागद! आमच्या सोसायटीच्या पार्किंगचे नियमपण त्याच फायलीत असणार.

शाईची दौत
चौथी मी लिहिते. पेरुमाळ मुरुगन. 'मादोरुबागन' ही त्यांची तमिळ कादंबरी २०१० साली आली. मूल होत नाही म्हणून चहूबाजूंनी टोमणे खाणाऱ्या जोडप्याची गोष्ट. चार वर्षं सगळं शांत. मग विरोध पेटला, प्रती जाळल्या, बंद पुकारला. प्रशासनानं 'शांतता बैठक' बोलावली आणि त्या बैठकीत लेखकाकडून माफीनामा लिहून घेतला. कुठल्याही सरकारनं पुस्तकावर बंदी घातलेली नव्हती. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की तो समझोता बंधनकारक नाही, आणि पुस्तक आवडलं नाही तर बाजूला टाका. लेखकाला पुन्हा लिहितं करा, या अर्थाचं वाक्य निकालाच्या शेवटी आहे.

मी ती कादंबरी इंग्रजीतून वाचली, ती वादामुळेच कळली म्हणून. तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात रोज तोच विषय. नवरा-बायको एकमेकांवर जीव टाकतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यात एक पाचर मारून जातो. त्यातली बायको, पोन्ना, कुणाच्या शुभकार्यात गेली की तिला काय काय ऐकावं लागतं, ते वाचताना मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. विरोध कशावर होता ते तर फार पुढे येतं. तोवर मला वादाचा विसरच पडला होता.

@रानवाट, विसाव्या पानानंतर का वाचतात, याला माझं हे उत्तर.

रानवाट
@शाईची दौत, मनापासून लिहिलंत. दुसरं काही सुचत नाहीये.

हिशेबनीस
धागा फार छान चाललाय, पण सगळे एक गोष्ट विसरताहेत. आपण जिंकलेल्या पुस्तकांचीच नावं घेतोय. बंदी येऊन जी कायमची गेली त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत, म्हणून 'बंदीनं पुस्तक मरत नाही' असं वाटतं. मरतं. बऱ्याचदा मरतं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळानं जानेवारी २०२२मध्ये 'माउस' हे ज्यूंच्या छळावरचं चित्रपुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. कारण काय, तर काही शिव्या आणि एक नग्न चित्र. लगेच ते खपाच्या यादीत वर गेलं. पण त्याला १९९२ सालीच पुलित्झर मिळालेलं होतं. त्याच्यासाठी जगभर आवाज उठणारच होता. ज्याचं पहिलंच पुस्तक आहे, हजारभर प्रती निघाल्यात, त्याचं पुस्तक शाळेच्या फळीवरून उचललं तर कोण ओरडणार? प्रकाशक पुढचं हस्तलिखित साभार परत करतो, विषय संपला. त्याहून वाईट म्हणजे लिहिण्याआधीच लेखक स्वतः कागद फाडतो. त्या पुस्तकाचा धागा कधीच निघणार नाही.

म्हणून 'बंदी घाला, खप वाढेल' हे म्हणणं मला सहन होत नाही. मार खाणाऱ्याला 'मारामुळे अंग तयार होतं' म्हणण्यासारखं आहे ते.

जुना वाचक
@हिशेबनीस, खप वाढतो हे मी वाखाणण्यासाठी नव्हतं लिहिलं. तरी मुद्दा मान्य.

दुपारची झोप
मी काय म्हणतो, गणिताच्या पाठ्यपुस्तकावर एक वर्ष बंदी घालून बघूया का? आमचे चिरंजीव पांघरुणात टॉर्च लावून त्रिकोणमिती सोडवतील.

टिवल्याबावल्या
+१. आणि मार्गदर्शकं काळ्या बाजारात!

कीचक
माझं सदस्यनाम बघून ओळखलं असेलच, मी कुठे जाणार ते. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध', १९०७. महाभारतातली कथा, नाटकात इंग्रजांचं नाव एकदाही नाही. पण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कीचकात कर्झन दिसत होता, द्रौपदीत देश, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० साली बंदी आली. सरकारलाही तोच अर्थ दिसला, म्हणूनच ना! बंदी घालून सरकारनं जाहीर कबुली दिली की कीचक म्हणजे आम्हीच.

सावरकरांचं १८५७वरचं पुस्तक तर प्रसिद्ध होण्याआधीच बंद झालं. इंग्रजी आवृत्ती १९०९ साली हॉलंडमध्ये छापावी लागली आणि भलत्याच पुस्तकांची वेष्टणं चढवून प्रती इकडे आल्या. बंदी उठली १९४६ साली. मूळ मराठी हस्तलिखित मात्र एका डॉक्टरांनी परदेशात जवळपास चाळीस वर्षं जपून ठेवलं आणि ते स्वातंत्र्यानंतर परत आलं. पुस्तकाबद्दल कुणाचं काहीही मत असो, कागदांचं ते गाठोडं एवढी वर्षं सांभाळणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

फुलपाखरी
कीचकदादा, तुमच्या प्रतिसादाला जोडून 'समाजस्वास्थ्य'. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मासिक काढलं ते १९५३ला जाईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला स्वतः डॉ. आंबेडकर उभे होते. खटला हरले तरी मासिक बंद केलं नाही.

@रानवाट यांचं म्हणणं इथे तंतोतंत दिसतं. वाचक पत्रं पाठवून विचारायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे. संततिनियमन, शरीर, इच्छा, जे घरात बोलता येत नाही आणि डॉक्टरलाही विचारता येत नाही, ते सगळं. ती उत्तरं वाचताना ती विचारणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. घाबरलेली, एकटी. त्यांना चवीचं वाचायचं नव्हतं, त्यांना माहिती हवी होती.

दोन पिल्लांची आई
मी जरा वेगळा सूर लावते. रागावू नका. प्रत्येक आक्षेप म्हणजे बंदी नव्हे. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेच्या ग्रंथालयातून तिनं एक पुस्तक आणलं, त्यात आत्महत्येचं फार बारकाईनं वर्णन होतं. मी शाळेत जाऊन सांगितलं की हे या वयाच्या फळीवर नको. मी काय पुस्तकं जाळणाऱ्यांतली झाले का? 'वाचकांचं स्वातंत्र्य' म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा माणूस असतो. लहान मूलही वाचकच आहे आणि त्याची काळजी वाहणारं कुणीतरी असावं लागतं.

बोरू
@दोन पिल्लांची आई, मी शाळेच्या आणि सार्वजनिक, दोन्ही ग्रंथालयांत काम केलंय, म्हणून लिहिते. तुम्ही केलंत ते योग्यच. पुस्तक मोठ्यांच्या फळीवर गेलं, संपलं. माझ्या मुलीनं आत्ता वाचू नये, हे पालकाचं म्हणणं आम्ही नेहमी ऐकायचो. अडचण तेव्हा यायची जेव्हा तोच पालक म्हणायचा की कुणाच्याच मुलीनं, कधीच वाचू नये. आक्षेप घेणाऱ्याला मी पहिली विनंती करायची की पुस्तक सलग वाचून या, मग बोलू. खूण केलेली चार पानं घेऊन आलेले निम्मे लोक पुन्हा यायचेच नाहीत. काही जण मात्र खरोखर वाचून यायचे, आणि त्यांच्याशी झालेल्या गप्पा मला आजही आठवतात.

आता एका कपाटाबद्दल लिहिते. एका ठिकाणी समितीनं आक्षेपाची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलुपात ठेवायला लावली. हवं असेल त्यानं वहीत नाव, सही आणि तारीख लिहून न्यायचं. झालं काय, लोक आधी ती वहीच मागायला लागले. कोण काय नेतंय ते बघायला. मग वहीत नाव नको म्हणून लोकांनी कपाटाकडे जाणंच सोडलं. @हिशेबनीस म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तक तिथेच होतं, काचेतून दिसत होतं, आणि वाचणारा नव्हता.

एक मुलगी यायची. कॉलेजची असेल. घरातल्याच माणसाकडून झालेल्या अत्याचारावरची एक कादंबरी त्या कपाटात होती. तिनं ती कधीच घरी नेली नाही. कपाटाला पाठ लावून उभ्यानं वाचायची, निघताना पान क्रमांक तळहातावर लिहायची आणि पुस्तक माझ्या हातात द्यायची. मी एक दिवस तिथे स्टूल आणून ठेवलं. आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. तिनं ती पूर्ण वाचली आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली.

रानवाट
@बोरू _/\_

दोन पिल्लांची आई
@बोरू, पटलं. 'माझ्या मुलीनं' आणि 'कुणाच्याच मुलीनं' यातलं अंतर लक्षात ठेवीन. तरी एक म्हणते, शाळेच्या फळीवर काय असावं हे ठरवताना पालकांना विचारायलाच हवं.

कलम पंच्याण्णव
तारखेहून आलो. @शाईची दौत, अगदी हेच मनात होतं, धन्यवाद.

कोरा कागद
मग द्वेष पसरवणाऱ्या पुस्तकांचं काय? हिटलरचं 'माइन काम्फ' जर्मनीत बंदच होतं ना? ते योग्यच होतं असं मी म्हणतो.

जुना वाचक
@कोरा कागद, थेट बंदी नव्हती. प्रकाशनहक्क बव्हेरिया राज्याकडे होते आणि ते छापू देत नव्हते. हक्कांची मुदत २०१५च्या अखेरीस संपली. मग म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेनं जानेवारी २०१६मध्ये टीपांसह आवृत्ती काढली. दोन जाडजूड खंड, जवळपास २,००० पानं, साडेतीन हजारांवर टीपा. खोटं विधान आलं की त्याच पानावर त्याचा समाचार. मला हा मार्ग आवडतो. दडवून ठेवलं असतं तर टीपा नसलेल्या जुन्या प्रती फिरतच राहिल्या असत्या.

कोरा कागद
टीपा वाचणारा मुळातच टीपांशिवायही फसला नसता. जो फसणार आहे तो टीपा वाचत नाही. मी माझ्या मतावर ठाम.

अनामिका
अवांतर : ई-पुस्तकांचं काय करायचं? २००९ साली ॲमेझॉननं ऑर्वेलच्या '१९८४'च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. कारण हक्कांचं होतं, बंदीचं नव्हे, आणि नंतर कंपनीनं माफीही मागितली. पण हे करता येतं एवढं तर सगळ्यांना कळलं. छापील प्रत घरोघर जाऊन गोळा करावी लागते. म्हणून मला जपून ठेवायची पुस्तकं मी कागदावरच घेते.

दुपारची झोप
आमच्याकडे छापील प्रती मित्र गोळा करून नेतात, सरकार लागत नाही.

पारवा
आता शेवटी शेवटी आलोय, तरी लिहितो, कारण रशियाचं कुणी काढलंच नाही.

'डॉक्टर झिवागो' ही पास्तरनाकची कादंबरी रशियात छापू दिली नाही, म्हणून ती १९५७ साली इटलीत आधी छापली गेली. मग अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं रशियन आवृत्ती छापून १९५८च्या ब्रसेल्सच्या प्रदर्शनात रशियन पाहुण्यांच्या हातात दिली. लोकांनी निळी कापडी बांधणी फाडून टाकली आणि पानं खिशाखिशांत वाटून नेली. म्हणजे बंदीच्या पुस्तकांत दुसऱ्या बाजूचंही राजकारण असतं, हे विसरू नये.

पण मला सांगायचंय ते रशियन कवयित्री ॲना अख्मातोवाच्या 'रेक्विएम' या कवितेबद्दल. मुलगा तुरुंगात, ही लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगेत. कुणीतरी तिला ओळखलं, तेव्हा मागे उभ्या, ओठ निळे पडलेल्या एका बाईनं कानात विचारलं, 'याचं वर्णन करता येईल तुम्हाला?' ती म्हणाली, 'येईल.' कविता लिहिली, पण कागद घरात ठेवणं म्हणजे अटक. मग ती मैत्रिणीला, लिदिया चुकोव्स्कायाला, बोलवायची. भिंतींना कान असतील म्हणून मोठ्यानं चहाबद्दल, हवेबद्दल बोलायची आणि बोलता बोलता चिठोऱ्यावर ओळी लिहून पुढे सरकवायची. मैत्रीण मनातल्या मनात पाठ करायची, चिठोरं परत द्यायची, आणि ते रक्षापात्रात जाळलं जायचं. अशी ती कविता काही माणसांच्या डोक्यात राहिली. छापली गेली १९६३ साली, म्युनिकमध्ये. स्वतःच्या देशात १९८७ साली, ती गेल्यावर २१ वर्षांनी.

@जुना वाचक, रांगेतल्या त्या बाईला कुतूहल नव्हतं. बंदी तर दूरच, कविता अजून लिहिलीही गेली नव्हती, आणि वाचणारी रांगेत उभी होती.

जुना वाचक
@पारवा, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती कविता कुठल्या भाषांतरात वाचू, तेवढं सांगा.

हिशेबनीस
मलाही सांगा. आणि @बोरू, त्या कपाटातल्या पुस्तकांची यादी आठवत असेल तर द्या ना. गाजलेली नकोत, बाकीची.

बोरू
आठवतात बरीचशी. आज रात्री बसून लिहिते. त्यातली तीन तरी आता छापील मिळत नाहीत, माझ्याकडच्या प्रती कुणाला हव्या असतील तर खरडवहीत पत्ता टाका.

रानवाट
@बोरू, पहिला नंबर माझा. यादीसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.